व्यावसायिक संगणक प्रणालींत यूजरनेमची लांबी कशी ठरवावी

नव्या प्रणालीचा आराखडा करताना यूजरनेमच्या रकान्याची लांबी हा बहुधा सर्वांत कमी विचार करून टाकलेला आकडा असतो. कोणी २० लिहितो, कोणी ५०, कोणी सवयीने २५५, आणि पुढची काही वर्षे त्याकडे कोणी पाहत नाही. पासवर्ड कधीही बदलता येतो. यूजरनेम मात्र एकदा दिले की फाइलींच्या मालकीत, लॉगच्या नोंदींत, ईमेलच्या पत्त्यात, परवानग्यांच्या याद्यांत आणि जुन्या बॅकअपमध्ये जाऊन बसते. म्हणून त्याची मर्यादा ठरवण्याचे काम पहिल्या दिवशीच, कागद घेऊन, नीट बसून करावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पुढे दिलेला क्रम त्यासाठीच आहे.

नाव कुठे कुठे जाणार आहे, याची यादी

पहिले काम म्हणजे हे यूजरनेम कोणकोणत्या प्रणालींतून प्रवास करणार आहे ते लिहून काढणे. आपल्या ॲप्लिकेशनच्या डेटाबेसमध्ये किती जागा आहे हा प्रश्न यात सर्वांत गौण असतो, कारण ती जागा आपल्याला वाढवता येते. जी वाढवता येत नाही ती दुसऱ्याची जागा असते.

विंडोजच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे कंपनीतल्या सर्व खात्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीत, प्रत्येक खात्याला दोन नावे असतात. विंडोज २०००च्या आधीच्या संगणकांसाठी ठेवलेले 'सॅम अकाउंट नेम' हे वापरकर्त्याच्या खात्यासाठी २० कॅरेक्टरपर्यंतच (कॅरेक्टर म्हणजे साठवलेले एक अक्षर, आकडा किंवा चिन्ह) चालते. ईमेलसारखे दिसणारे 'यूजर प्रिन्सिपल नेम' त्याहून बरेच लांब असू शकते. मायक्रोसॉफ्ट ३६५च्या क्लाउड डिरेक्टरीत या दुसऱ्या नावाची मर्यादा ११३ आहे: 'ॲट' चिन्हाआधी ६४, ते चिन्ह, आणि नंतर ४८. लांब नावाने व्यवस्थित लॉगिन होते म्हणून अनेक जण निश्चिंत राहतात, आणि मग एखादे जुने ॲप्लिकेशन किंवा फाइल सर्व्हर डोमेन (कंपनीच्या नेटवर्कचे नाव) आणि आखूड नाव अशा जोडीची मागणी करतो तेव्हा अडतात.

युनिक्सच्या जगात ८ हा आकडा फार जुना आहे आणि त्याच्या खुणा अजून पुसलेल्या नाहीत. लिनक्सवर परंपरेने ३२ कॅरेक्टरपर्यंतचे नाव घेतले जाते. कोण लॉगिन झाले याची नोंद ठेवणाऱ्या यूटीएमपी फाइलीतला रकानाही ३२ बाइटचाच आहे. फ्रीबीएसडी या युनिक्स-वंशाच्या प्रणालीवर दहाव्या आवृत्तीआधी १६ची मर्यादा होती, ती त्या आवृत्तीपासून ३२ झाली. आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्सवर मूळ मर्यादा ८ असते, ती वाढवता येते, पण कोणीतरी मुद्दाम वाढवावी लागते. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीचा पोसिक्स प्रमाणक तर सर्व प्रणालींनी किमान ८ कॅरेक्टर आणि नाव संपल्याची खूण असलेली शून्य बाइट एवढीच हमी द्यावी असे म्हणतो.

मोठ्या उद्योगांत याहून अरुंद दारे भेटतात. मेनफ्रेमवरच्या (मोठ्या उद्योगांच्या मध्यवर्ती संगणकावरच्या) आरएसीएफ या सुरक्षा व्यवस्थेत यूजर आयडी ८ कॅरेक्टरचा असतो, आणि टीएसओ या तिथे लॉगिन करून काम करण्याच्या सोयीत, झेड/ओएस या कार्यप्रणालीच्या २.३ आवृत्तीआधी, तो ७चाच चालत असे. आयबीएम आय, म्हणजे पूर्वीचे एएस/४००, येथे १०. एसएपी या उद्योग-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये १२. डेटाबेसमध्ये थेट खाती उघडायची असतील तर ओरॅकलमध्ये १२.२ आवृत्तीआधी ३० बाइट आणि त्यानंतर १२८, मायएसक्यूएलमध्ये ५.७.८ आधी १६ आणि त्यानंतर ३२ कॅरेक्टर. पोस्टग्रेसमध्ये ६३ बाइट. एसक्यूएल सर्व्हरमध्ये १२८ कॅरेक्टर. वायफाय आणि व्हीपीएनसाठी लॉगिन पडताळणारा रेडियस सर्व्हर असेल, तर त्या प्रोटोकॉलमध्ये यूजरनेमला २५३ बाइट मिळतात, पण त्याचे प्रमाणक, आरएफसी २८६५ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे क्रमांकित दस्तऐवज), उपकरणांना किमान ६३ बाइट हाताळण्याची केवळ शिफारस करते. म्हणजे जुन्या उपकरणाकडून त्याहून अधिक गृहीत धरू नये.

या यादीत प्रिंटर, हजेरीचे यंत्र, टेलिफोनची व्यवस्था आणि पगाराचे सॉफ्टवेअर यांना विसरू नका. त्यांच्या मर्यादा माहितीपत्रकात बहुधा सापडत नाहीत. चाचणी खाते तयार करून, एकेक कॅरेक्टर वाढवत, प्रत्यक्षच मोजावे लागते. कंटाळवाणे काम आहे, पण अर्ध्या दिवसाचे आहे.

अरुंद दारापुढे दोन मार्ग

यादीतला सर्वांत लहान आकडा हाती आला की निर्णयाचा खरा भाग सुरू होतो. एक मार्ग असा की सर्वांची नावे त्या लहान आकड्यात बसवायची. दुसरा असा की अरुंद प्रणालीपुरते वेगळे आखूड नाव द्यायचे आणि दोघांची सांगड एका तक्त्यात ठेवायची.

अरुंद प्रणाली कंपनीतले बहुतेक सर्व जण रोज वापरत असतील, तर पहिला मार्ग घ्यावा. दोन नावे लक्षात ठेवायला लावणे म्हणजे मदतकक्षाचे काम कायमचे वाढवणे. ती प्रणाली मूठभर लोकांच्या हातात असेल किंवा काही वर्षांत निवृत्त होणार असेल, तर दुसरा मार्ग घ्यावा. अस्ताला चाललेल्या एका मेनफ्रेमसाठी हजारो माणसांची नावे आठ अक्षरांत कोंबणे मला योग्य वाटत नाही, कारण मेनफ्रेम गेल्यावरही ती तुटकी नावे राहतातच.

पहिला मार्ग निवडला आणि अरुंद दार खरोखरच ७ किंवा ८चे असेल, तर नावावरून यूजरनेम बनवण्याचा हट्ट सोडून द्यावा. एक रोमन अक्षर आणि सहा आकडे अशी रचना सात कॅरेक्टरची होते. ती जुन्या टीएसओपासून ॲक्टिव्ह डिरेक्टरीपर्यंत वर सांगितलेल्या प्रत्येक ठिकाणी बसते आणि एका अक्षरामागे दहा लाख खाती देते. सुरुवातीचे अक्षर शोभेचे नाही. नुसते आकडे ठेवले तर स्प्रेडशीट पुढची शून्ये खाऊन टाकते, आणि काही प्रणाली अशा नावाला अंतर्गत क्रमांक समजतात. लिनक्सवर सेवा चालू करणाऱ्या सिस्टमडी या प्रोग्रॅममध्ये २०१७ साली असे उघड झाले की सेवेच्या फाइलीत आकड्याने सुरू होणारे यूजरनेम लिहिले, तर ते अवैध ठरून दुर्लक्षिले जाई आणि ती सेवा थेट रूटच्या, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने चाले. पहिले कॅरेक्टर अक्षरच असावे हा नियम म्हणून लिहूनच ठेवावा. अशा सांकेतिक नावांचा तोटाही मान्य करायला हवा: लॉग वाचताना माणूस ओळखू येत नाही, प्रत्येक वेळी तक्ता उघडावा लागतो.

कोणताही मार्ग घेतला तरी ॲप्लिकेशनच्या आत यूजरनेम ही मुख्य किल्ली (नोंदी एकमेकांना जोडणारी ओळख) करू नका. प्रत्येक खात्याला कधीही न बदलणारा अंतर्गत क्रमांक असावा आणि बाकीचे तक्ते त्याला जोडलेले असावेत. माणसाचे नाव बदलते, दोन कंपन्या एकत्र येतात, आणि मग यूजरनेम बदलणे हे एका ओळीचे काम राहते की महिन्याचे, ते याच एका निर्णयावर ठरते.

२० म्हणजे २० नव्हे

समजा, विंडोज आणि लिनक्स एवढीच दुनिया आहे आणि २०ची मर्यादा ठरली. आता आडनावे घ्या. 'वेंकटसुब्रमण्यन' हे आडनाव रोमन लिपीत १८ अक्षरांचे होते. नावाचे आद्याक्षर, एक टिंब आणि आडनाव ही नेहमीची रचना वापरली तर बरोबर २० कॅरेक्टर होतात. बसले, असे वाटते. पण त्याच आद्याक्षराची आणि आडनावाची दुसरी व्यक्ती रुजू झाली की शेवटी २ लावायला जागाच उरत नाही.

शिवाय संगणक प्रणाली सांभाळणाऱ्या व्यवस्थापकांना (ॲडमिनिस्ट्रेटरना) बहुधा दोन खाती दिली जातात: एक रोजच्या कामाचे आणि एक विशेष अधिकारांचे, ज्याच्या पुढे तीन अक्षरे आणि एक जोडरेघ असा उपसर्ग लावतात. तो उपसर्ग ४ कॅरेक्टर घेतो. नावे जुळली तर लावायच्या आकड्यांसाठी २ राखून ठेवा. वीसमधून हे सहा वजा केले की नावापासून बनणाऱ्या मूळ भागाला १४च कॅरेक्टर उरतात. म्हणून कमाल मर्यादा आणि मूळ भागाची मर्यादा हे दोन वेगळे आकडे धोरणात लिहावेत. खाते तयार करणाऱ्या स्क्रिप्टने दुसरा पाळायचा, प्रणालीने पहिला.

मूळ भाग १४मध्ये न मावणाऱ्या नावांचे काय करायचे, हेही आधीच ठरवा. शेवट कापून टाकणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय आहे, कारण अनेक नावांत वेगळेपण शेवटीच असते आणि कापल्यावर कधी कधी भलताच, अपमानकारक शब्द उरतो. माझ्या मते अशा वेळी आडनावाऐवजी पहिले नाव पूर्ण आणि आडनावाचे आद्याक्षर घ्यावे, तेही न जमल्यास त्या व्यक्तीलाच विचारावे. आपले नाव कसे आखूड करायचे हे त्या माणसाला बहुधा चांगले माहीत असते.

लांबीचे परिणाम काही ठिकाणी नावाबाहेरही दिसतात. विंडोजमध्ये फाइलीच्या पूर्ण मार्गाची जुनी मर्यादा २६० आहे. 'सी' ड्राइव्हवरच्या वापरकर्त्यांच्या फोल्डरपर्यंतच ९ कॅरेक्टर खर्ची पडतात आणि २० कॅरेक्टरचे नाव असेल तर एकही फाइल ठेवण्याआधी २९ संपतात. ऑडिट लॉगमध्ये अनेकदा डोमेनचे नाव, उलटी तिरकी रेघ आणि यूजरनेम एकत्र साठवले जाते. डोमेनचे आखूड, म्हणजे नेटबायोस, नाव १५पर्यंत असू शकते, म्हणजे १५, १ आणि २० मिळून ३६. लॉगचा रकाना ३०चा केलेला असेल तर बिघाड लॉगिनमध्ये दिसणार नाही, तो चौकशीच्या दिवशी दिसेल. लिनक्सवर चालू प्रक्रियांची यादी दाखवणारी 'पीएस' ही आज्ञा आठपेक्षा लांब नाव मूळ मांडणीत पूर्ण दाखवत नाही. काही आवृत्त्यांत नावाऐवजी क्रमांक येतो, काहींत नावाचा तुकडा आणि पुढे अधिकचिन्ह. एखादी स्क्रिप्ट त्या यादीतून नाव वाचत असेल तर ती गप्पपणे चुकते.

मोजायचे काय: अक्षर, कॅरेक्टर की बाइट

रोमन लिपीपुरते राहिले तर हा प्रश्न पडत नाही, कारण तिथे तिन्ही गोष्टी सारख्याच निघतात. देवनागरीत नावे घेऊ देणाऱ्या प्रणालीत मात्र इथेच सर्वाधिक चुका होतात, त्यामुळे जरा सविस्तर पाहू.

'देशपांडे' हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा दिसतो: दे, श, पां, डे. सर्व लिप्यांसाठीच्या युनिकोड या प्रमाणकाच्या दृष्टीने त्यात आठ कॅरेक्टर आहेत, कारण प्रत्येक मात्रा, काना आणि अनुस्वार स्वतंत्र मोजला जातो. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक कॅरेक्टर तीन बाइट घेते, म्हणजे झाले २४ बाइट. एकाच नावासाठी चार, आठ आणि चोवीस असे तीन आकडे आले, आणि 'कमाल २०' असे लिहिलेल्या सूचनेत हे नाव बसते की नाही, ते मोजणारा यांपैकी काय मोजतो यावर ठरते. पोस्टग्रेसची ६३ बाइटची मर्यादा देवनागरीत २१ कॅरेक्टरवर संपते. ओरॅकलमध्ये साध्या मजकुराच्या रकान्याची लांबी मूळ मांडणीत बाइटमध्ये मोजली जाते, मायएसक्यूएलमध्ये कॅरेक्टरमध्ये. एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर जाताना आकडा तोच ठेवला तरी मर्यादा बदललेली असते.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे दिसायला एकच असलेले नाव वेगवेगळ्या लांबीचे असू शकते. 'कऱ्हाडे' या आडनावातला अर्धा ऱ तीन प्रकारे टंकित होतो: स्वतंत्र ऱ वापरून, साध्या र खाली नुक्ता देऊन, किंवा साध्या र ला हलन्त लावून त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह ठेवून. पहिल्या प्रकारात सात कॅरेक्टर होतात, उरलेल्या दोहोंत आठ. पडद्यावर तिन्ही सारखेच उमटतात, पण संगणकाला ती तीन भिन्न नावे आहेत. युनिकोडचे 'एनएफसी' हे प्रमाणीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची रीत) लावले की पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा तरीही वेगळाच राहतो, आणि त्यासाठी आपला स्वतंत्र नियम लिहावा लागतो. यूजरनेममधील युनिकोडसाठी २०१७चे आरएफसी ८२६५ हे प्रमाणक उपलब्ध आहे. स्वतःची पद्धत रचण्याआधी ते जरूर वाचावे.

यातून कामाचा क्रम असा निघतो: आधी पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा काढाव्यात, मग प्रमाणीकरण करावे, मग मोठी-लहान लिपी एकसारखी करावी आणि सर्वांत शेवटी लांबी मोजावी. लांबी आधी मोजून नंतर रूप बदलले, तर तपासलेले नाव एक आणि साठवलेले दुसरे असे होते. व्यवसायाच्या अंतर्गत प्रणालीसाठी माझी शिफारस अशी आहे की लॉगिनचे नाव लहान रोमन अक्षरे, आकडे, टिंब आणि जोडरेघ एवढ्यापुरतेच ठेवावे, आणि माणसाचे खरे नाव, त्याच्या लिपीत, त्याने लिहिले तसे, दाखवण्याच्या वेगळ्या रकान्यात सन्मानाने ठेवावे. त्या रकान्याला मात्र भरपूर जागा द्यावी.

न सांगता कापणे

मर्यादा कितीही ठेवा; ती ओलांडणारे नाव नाकारले पाहिजे, कापून स्वीकारता कामा नये. पोस्टग्रेस ६३ बाइटपुढचे नाव कापते आणि केवळ एक सूचना देते, जी स्क्रिप्टमध्ये कोणी वाचत नाही. मायएसक्यूएलच्या ५.७ आधीच्या आवृत्त्या मूळ मांडणीत जास्तीचा मजकूर कापून इशारा देऊन पुढे जात. त्यातून एक परिचित हल्ला जन्माला आला. रकाना २०चा आहे असे धरा. हल्लेखोर 'ॲडमिन'ची पाच रोमन अक्षरे, त्यापुढे १५ मोकळ्या जागा आणि एकविसावे कोणतेही अक्षर असे नाव नोंदवतो. असे नाव आधी आहे का, हे ॲप्लिकेशन तपासते, नसते. साठवताना एकविसावे अक्षर गळते. तुलना करताना डेटाबेस शेवटच्या मोकळ्या जागा मोजत नाही, त्यामुळे आता एकाच नावाची दोन खाती झाली आणि त्यांतल्या एकाचा पासवर्ड हल्लेखोराला ठाऊक आहे. रकान्यावर अनन्यतेचे बंधन (एकच नाव दोनदा साठवू न देणारा नियम) असते तर हे तिथेच अडले असते. म्हणून ते बंधन डेटाबेसमध्येच घालावे, केवळ ॲप्लिकेशनच्या तपासणीवर विसंबू नये.

एकच आकडा फॉर्मवर, सर्व्हरच्या तपासणीत, एपीआयमध्ये (इतर प्रोग्रॅमना दिलेल्या दारात) आणि मोठ्या प्रमाणात खाती आयात करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये लागू असावा. नोंदणीचा फॉर्म ३० घेतो आणि लॉगिनचा फॉर्म २०वरच टंकन थांबवतो, अशी विसंगती वाटते त्यापेक्षा पुष्कळदा आढळते. त्या माणसाला आपले नाव पूर्ण टंकताच येत नाही आणि तो पासवर्ड चुकला असे समजून बसतो. डेटाबेसचा रकाना नियमापेक्षा मोठा ठेवायला हरकत नाही, उलट ठेवावाच, म्हणजे पुढे धोरण बदलले तरी रचना बदलावी लागत नाही. लहान मात्र कधीही नको.

किमान मर्यादा

इथे फार वेळ घालवण्याची गरज नाही. कर्मचाऱ्यांच्या प्रणालीत किमान २ किंवा ३ पुरे. अनेक भाषांत दोनच अक्षरांची आडनावे असतात, त्यांना नाकारण्याचे काही कारण नाही. ग्राहकांच्या संकेतस्थळांवर किमान ८ ठेवल्याने सुरक्षा वाढते असे काहींना वाटते, पण यूजरनेम हे गुपित नसते. ते ईमेलमध्ये, अहवालांत आणि सहकाऱ्यांच्या तोंडी असते. सुरक्षेचा भार पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीवर टाकावा.

ईमेल पत्ता हेच यूजरनेम असेल तर

ग्राहकांसाठी हा पर्याय चांगला आहे, कारण लक्षात ठेवायला नवे काही लागत नाही. तेव्हा आपली मर्यादा आपण ठरवत नाही, ईमेलचे प्रमाणक ठरवते: 'ॲट' चिन्हाआधी ६४ बाइट आणि पूर्ण पत्ता २५४. याहून कमी आकडा ठेवला तर एखाद्या खऱ्या ग्राहकाला आपण दारातच अडवतो. जुन्या मायएसक्यूएलमध्ये चार बाइटच्या यूटीएफ-८ रकान्यावरची अनुक्रमणिका (इंडेक्स) ७६७ बाइटवर थांबत असे, म्हणजे १९१ कॅरेक्टरवर, आणि म्हणून अनेक ठिकाणी १९१ हा विचित्र आकडा आजही दिसतो. तो आपल्या प्रणालीत आढळला तर कारण हे असण्याची दाट शक्यता आहे. पत्ता बदलू शकतो, हेही लक्षात घ्यावे, आणि तो बदलण्याची सोय पहिल्याच आवृत्तीत द्यावी.

चाचणी आणि पुढचे बदल

धोरण ठरले की पाच चाचणी खाती तयार करा: बरोबर किमान लांबीचे, बरोबर कमाल लांबीचे, कमालपेक्षा एकने मोठे, उपसर्ग लावलेले कमाल लांबीचे, आणि शेवटी मोकळी जागा असलेले. यांतले तिसरे सर्वत्र स्पष्ट संदेशासह नाकारले गेले पाहिजे, आणि त्या संदेशात मर्यादेचा आकडा लिहिलेला असावा. पाचवे मोकळी जागा काढून स्वीकारले जावे किंवा नाकारले जावे. दोन ठिकाणी दोन प्रकार होऊ नयेत. कमाल लांबीच्या खात्याने मग प्रत्येक प्रणालीत प्रत्यक्ष लॉगिन करा, एक फाइल जतन करा, एक पान छापा, व्हीपीएन जोडा आणि शेवटी ऑडिट लॉग उघडून नाव शेवटच्या अक्षरापर्यंत उमटले आहे ना ते पाहा.

मर्यादा पुढे वाढवायची झाल्यास क्रम आतून बाहेर असा ठेवावा: आधी सर्वांत आतला डेटाबेस आणि लॉग, मग मधल्या सेवा, आणि सर्वांत शेवटी नोंदणीचा फॉर्म. कमी करायची वेळ आली तर जुनी लांब नावे तशीच चालू ठेवून नवी मर्यादा फक्त नव्या खात्यांना लावावी. लॉगिनच्या फॉर्मने मात्र जुनी कमाल लांबीच स्वीकारत राहिले पाहिजे, आणि ते तसे का आहे याची एक ओळ कोडमध्ये लिहून ठेवावी, म्हणजे दोन वर्षांनी येणारा नवा सहकारी दोन्ही आकडे चांगल्या हेतूने एकसारखे करून जुन्या लोकांना बाहेर काढणार नाही.